पायथॉन ३.१२ वरून ३.१३: डेबियनमधला माझा अनुभव

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरमध्ये येते. ३.१३ आली ७ ऑक्टोबर २०२४ ला. डेबियन ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम. डेबियन १३ मध्ये ३.१३ डिफॉल्ट, म्हणजे वेगळं काही न निवडता मिळणारी आवृत्ती, व्हायची, तर १५ मार्च २०२५ च्या आत सगळं उरकायला हवं होतं. त्या तारखेनंतर असे मोठे बदल घेणं बंद होणार होतं. विक्रोळीत नोकरी सांभाळून मी संध्याकाळी या कामाला बसायचे.

दादरची माझी एक मैत्रीण या कामात माझ्यापेक्षा जुनी. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "अगं, डिफॉल्टला इतक्यात हात लावायचा नाही. आधी दोन्ही आवृत्त्या एकत्र नांदू देत." सगळी योजना या एका वाक्यात आहे, असं मला आजही वाटतं. सी भाषेत लिहिलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे पायथॉनला जोडले जाणारे भाग, सहसा ज्या आवृत्तीसाठी बिल्ड होतात (सोर्स कोडमधून तयार केली जातात), तिच्यावरच चालतात. त्यामुळे ३.१३ आधी फक्त सपोर्टेड, म्हणजे डिफॉल्ट नसली तरी चालणाऱ्या आवृत्त्यांच्या, यादीत घ्यायची आणि अशी एक्स्टेन्शन्स असलेली पॅकेजेस (डेबियनमध्ये इन्स्टॉल होणारी सॉफ्टवेअर्स) दोन्ही आवृत्त्यांसाठी पुन्हा बिल्ड करायची. तीही क्रमाने. नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज झाल्याशिवाय त्यावर उभं असलेलं सायपाय नाही, पांडाजही नाही. मधलं एक अडलं की त्यावर अवलंबून असलेली सगळी खोळंबतात. हे पार पडलं की डिफॉल्ट बदलायचं आणि ३.१२ काढायची ती अगदी शेवटी.

बिल्ड फुटलं तर निदान कळतं तरी. मला जास्त काळजी होती ती निव्वळ पायथॉनमध्ये लिहिलेल्या पॅकेजेसची. ती पुन्हा बिल्ड करावी लागत नाहीत, म्हणून मुकाट्यानं पुढे सरकतात आणि थेट वापरणाऱ्याच्या मशीनवर कोसळतात. ३.१३ मधून १९ जुनी मॉड्यूल्स, म्हणजे पायथॉनसोबतच येणारे तयार कोडचे भाग, काढली गेली: सीजीआय, क्रिप्ट, टेलनेटलिब वगैरे. ती जाणार हे ३.११ पासून जाहीर होतं, पण ज्या प्रकल्पाकडे मूळ लेखकाचंच लक्ष उरलेलं नाही, तिथे ती सूचना वाचणार कोण? म्हणून मी सोर्समध्ये त्या मॉड्यूल्सची नावं शोधत बसले. जिथे सापडली तिथे बग नोंदवला आणि जमेल तिथे सोबत पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोडही दिला. नुसता बग कित्येक आठवडे पडून राहतो; पॅच असला की मेंटेनरला, म्हणजे ते पॅकेज सांभाळणाऱ्याला, तो तपासून लावता येतो. टेलनेट ही दूरच्या मशीनशी जोडण्याची जुनी पद्धत; तिच्यासाठीच्या टेलनेटलिबवर उभ्या असलेल्या पॅकेजबाबत मात्र पॅच लिहिण्याआधी विचारावं लागतं, हे अजून कुणी वापरतंय का? नसेल, तर ते डेबियनमधून काढण्याची विनंती करणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

डिफॉल्ट बदललं त्या दिवशी फारसं काही घडलं नाही. आधीचं काम नीट झालं असेल तर असंच व्हायला हवं. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ बाहेर पडलं, ३.१३ सकट. लगेच ऑक्टोबरमध्ये ३.१४ आली. आता तिच्यातून काय काय काढलंय त्याची यादी घेऊन पुन्हा सोर्स चाळायला घेतलाय.