अबोली हा रंग रकान्यात बसत नाही

मिनिएचर गुलाबाचं नवं वाण तयार करायला मला पावणेचार वर्षं लागली आणि त्या वर्षांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती वाणाच्या नोंदणी-अर्जातल्या एका रकान्याबद्दल. ‘पाकळीच्या आतील बाजूचा मुख्य रंग.’ या पाच शब्दांनी माझा ऑक्टोबर ते मार्च खाल्ला, म्हणून हे लिहायला बसले.

संकराचं थोडक्यात सांगते. पुण्यात सहकारनगरला आमची गच्ची, चाळीसेक कुंड्या. डिसेंबर २०१९ मध्ये राल्फ मूर या अमेरिकन गुलाब-संकरकाच्या ‘राइज अँड शाइन’ या पिवळ्या मिनिएचरला एका शेंदरी मिनिएचरचे पराग लावले. कळी अर्धी उमलली की सकाळीच पाकळ्या काढायच्या, भुवया कोरायच्या चिमट्यानं पुंकेसर खुडायचे, वर कागदी पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी स्त्रीकेसराची टोकं चिकट झाली की बोटानंच पराग लावायचे. ब्रश घेऊ नका, निम्मे पराग ब्रशलाच राहतात. साठ फुलांवर केलं, बावीस फळं धरली. ती पिकली टाळेबंदीच्या एप्रिलमध्ये, तेव्हा गच्चीवर जाण्यापलीकडे दुसरा उद्योगही नव्हता. बिया सुकवून ठेवल्या आणि ऑगस्टमध्ये ओल्या कोकोपीटसकट श्रीखंडाच्या डब्यात घालून आठ आठवडे फ्रिजमध्ये ठेवल्या. (ह्यांनी एका रात्री चमचा घेऊन तो डबा उघडला. तेव्हापासून डब्यावर चिठ्ठी असते.) ऑक्टोबरात पेरल्यावर एकशेदहा बियांतून एकतीस रोपं आली. मिनिएचर तुम्हाला ताटकळत ठेवत नाही; रोप वीतभरही नसताना दोन-अडीच महिन्यांत पहिलं फूल दाखवतं. निम्म्या रोपांना भुरीनं धरलं, उरलेली बहुतेक एकेरी पाकळ्यांची निघाली. एक राहिलं. साडेतीन सेंटिमीटरचं फूल, तिशीच्या पुढे पाकळ्या, पानं तेल लावल्यासारखी चकचकीत, आणि रंग अबोली. अगदी आजीच्या अंबाड्यावरच्या वळेसरासारखा, फक्त तळाशी पिवळा ठिपका.

पुढची दोन-तीन वर्षं फाटे (छाटलेल्या फांद्या) लावून रोपं वाढवणं आणि बघत बसणं. इथे एक सूचना: मोजमापं घ्यायची असतील तर फाट्यावरून स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या रोपाचीच घ्या. जोमदार खुंटावर, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर, डोळा भरलात तर मिनिएचर उंच होतं, फूलही मोठं दिसतं, आणि मग तुम्ही भलत्याच झाडाचं वर्णन लिहिता.

आपल्याकडे पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्याखाली नव्या वाणाच्या संरक्षणासाठी बियाण्यांच्या कंपन्याच अर्ज करतात असा माझाही समज होता, पण घरगुती माणूसही करू शकतो. वाण नवं हवं, इतरांहून वेगळं ओळखू यायला हवं, सगळी रोपं एकसारखी हवीत आणि पुढच्या पिढीतही ते तसंच राहायला हवं. फाट्यावरून वाढवलेल्या गुलाबात शेवटच्या दोन अटींची फारशी धास्ती नसते. खरी परीक्षा वेगळेपणाची, आणि ते सिद्ध करायचं एका लांबलचक प्रश्नावलीत: काटे किती, पानाची चकाकी कशी, फूल बाजूनं पाहिलं तर वरून चपटं की फुगीर, वास किती, निदलांना (कळीवरच्या हिरव्या पाकळ्यांना) झालर किती. हे सगळं मी एका रविवारी दुपारी, हातात फूटपट्टी घेऊन, मजेत भरलं. रंगाच्या रकान्यात ‘अबोली’ लिहिलं आणि झोपले.

अर्ज पाठवण्यापूर्वी ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी ‘अबोली’भोवती लाल पेनानं गोल काढला. “हे कोणाला कळणार? आरएचएसचा नंबर लिहा.”

आरएचएस म्हणजे लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी. त्यांचा रंगतक्ता असतो: पंख्यासारख्या उघडणाऱ्या पट्ट्यांची चार पुडकी, २०१५ च्या आवृत्तीत ९२० रंग. प्रत्येक रंगाच्या चौकोनाला एक भोक असतं, पाकळी त्याच्याखाली धरायची आणि भोकातून दिसणारा रंग भोवतीच्या रंगात विरघळला की तो तुमचा नंबर. फोनमधल्या अ‍ॅपवर रंग ओळखू नका, मी करून पाहिलंय. सकाळी एक रंग सांगतं, दुपारी दुसरा, आणि एकदा माझ्या अंगठ्याचाच रंग सांगितला.

तक्ता विकत घ्यायचा तर परदेशातून मागवावा लागतो आणि किंमत ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसला. पुण्यातल्या एका संस्थेत तक्ता आहे असं कळलं. संस्थेचं नाव घेत नाही, तिथल्या शिपाईमामांचं भलं व्हावं म्हणून.

पहिल्यांदा गेले नोव्हेंबरात. सहा फुलं ओल्या रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. स्वारगेटच्या सिग्नललाच वीस मिनिटं गेली. तक्ता आहे, पण कपाटात. कपाटाला किल्ली आहे, पण साहेबांकडे. साहेब दिवाळीला गावी. डबा घेऊन परत.

दुसऱ्या खेपेला साहेब होते. म्हणाले, “असा तोंडी देता येत नाही हो. लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, आम्ही कळवू.” मी बँकेत तीस वर्षं काढली आहेत. एक सही राहिली म्हणून लोकांना परत पाठवलेलं मला नीट आठवतं, त्यामुळे तोंड उघडायला जागा नव्हती. अर्ज दिला. पाच आठवडे काही नाही. फोन केला की “फाईल वर गेलीय.” वर म्हणजे कुठे? ती इमारत एकमजली आहे.

जानेवारीत बोलावणं आलं. या वेळी शहाणपणानं तोडलेली फुलं न नेता कुंडीच नेली, स्कूटरच्या पायात ठेवून. तुम्हीही तेच करा. तोडलेल्या फुलाचा रंग तासाभरात उतरायला लागतो. मात्र कुंडी आत नेताना फाटकावर नोंद करा. मी नाही केली, आणि निघताना रखवालदारानं मला अडवलं. संस्थेच्या आवारातून रोप घेऊन बाहेर पडणारी बाई! गेटपास करून आणा म्हणे. स्वतःच्या गच्चीतल्या कुंडीचा गेटपास मी अजून जपून ठेवलाय.

पण त्या दिवशी गेटपासपेक्षा वाईट घडलं ते आत. तक्ता समोर आला, पुडकी उघडली, आणि खोलीत ट्यूबलाइट. त्या उजेडात माझी अबोली मळकट गुलाबी दिसत होती. रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही. उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली. मी म्हटलं, व्हरांड्यात जाऊ या. साहेब म्हणाले, “तक्ता खोलीबाहेर नेता येत नाही.” मी म्हटलं, मग दिवा तरी बंद करा. दिवा बंद केल्यावर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ कुरकुरले. शेवटी साहेब अगदी मायेनं म्हणाले, “मॅडम, गुलाबी लिहून टाका ना. कोण बघतंय?”

कोण बघतंय! वेगळेपणाचा सगळा डोलारा त्या एका रंगावर उभा आहे. गुलाबी मिनिएचर पैशाला पासरी मिळतात. मी कुंडी उचलली आणि निघाले, आणि मग ते गेटपासचं.

नंतर थंड डोक्यानं विचार केल्यावर कळलं की तक्ता कुलपात ठेवण्यात त्यांचं चुकत नव्हतं. उजेडानं त्याचेही रंग उडतात. पण मग उत्तरेच्या खिडकीजवळ टेबल ठेवायला काय होतं?

फेब्रुवारीत चौथी खेप. साहेब मीटिंगला. शिपाईमामांनी मला ओळखलं, कुंडीलाही ओळखलं. म्हणाले, “मावशी, याच खोलीला मागं भांडाराचं दार हाय, तिथं खिडकी हाय. खोलीच्या बाहेर कुठं चाललोय आपण?” खिडकीला वर्षानुवर्षांची धूळ होती, ती त्यांनी आपल्या फडक्यानं पुसली. बाहेर कडुनिंब, उजेड पांढरा आणि शांत. मामांनी तक्त्याचा पंखा धरला, मी पाकळी. आज उमललेलं फूल वेगळं, कालचं वेगळं, परवाचं वेगळं. नुकत्याच पूर्ण उघडलेल्या फुलाची मधली पाकळी घ्यायची. नारिंगी गटातला २९ अगदी जवळ आला, पण कडेला पिवळट राहत होता. लाल गटातले गुलाबीकडे झुकणारे दोन नंबर मामांना पसंत होते, मला नव्हते. मग नारिंगी-लाल गटातली ३१ ची पट्टी आली. ए, बी करत खाली सी वर पाकळी धरली आणि भोक दिसेनासं झालं.

“गायब झालं की,” मामा म्हणाले.

मी तीन वेळा पुन्हा पाहिलं. मग बाहेरच्या बाजूचा रंग, तळाचा ठिपका, पुंकेसरांच्या तंतूंचा रंग, सगळं एका दमात लिहून घेतलं. मार्चमध्ये ऊन चढल्यावर रंग फिका पडतो का ते पाहायला आणखी एक खेप केली. पडतो. थंडीतला रंग गडद असतो, म्हणून नंबरासोबत निरीक्षणाचा महिना लिहून ठेवा.

बाकी कागदांत एक शपथपत्र लागतं: या वाणात टर्मिनेटर तंत्रज्ञानाचा, म्हणजे बी वांझ करणारा, जनुक नाही. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या टायपिस्टनं ते टाइप करताना माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं. नावाचंही जपून. मला ‘अबोली’च हवं होतं, पण त्यानं लोकांना दुसरंच फूलझाड वाटेल, आणि दिशाभूल करणारं नाव चालत नाही. गावाचं नाव घालायला गेलात तरी अडचण येते. शेवटी ‘बुगडी’ ठरलं. आणि अर्ज करण्याआधी रोपं विकू नका. भारतात विक्री सुरू होऊन वर्ष उलटलं की वाण कायद्याच्या दृष्टीनं नवं राहत नाही. वहिनींना दिलेल्या एका कुंडीपायी माझी आठवडाभर झोप उडाली होती. तशी भेट व्यापारात धरत नाहीत हे नंतर समजलं.

आता अर्जाला क्रमांक मिळालाय. रोपांची चाचणी व्हायची आहे, मग जाहिरात, मग हरकतींसाठी तीन महिने. सगळं पार पडलं तर गुलाबाला पंधरा वर्षांचं संरक्षण.

हे आधीच सांगायला हवं होतं: कुंडीवरच्या पट्टीवर मार्करनं लिहू नका. पेन्सिलनं लिहा, किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर टोच्यानं कोरा. त्या शेंदरी मिनिएचरची पट्टी मी जाड काळ्या मार्करनं लिहिली होती आणि दुसऱ्या पावसाळ्यात ती कोरी झाली. त्यामुळे अर्जात ‘बुगडी’च्या आईचं नाव ठळक आहे, आणि वडिलांच्या रकान्यात ‘अज्ञात’.