पुस्तकपत्रिकेवरच्या सह्या

ग्रंथालयात नवे पुस्तक दाखल होते तेव्हा त्यावर तीन ठिकाणी शिक्का मारतात: शीर्षकाच्या पानावर, शेवटच्या पानावर आणि प्रत्येक ग्रंथालयाने स्वतःपुरते ठरवून ठेवलेल्या आतल्या एका पानावर. या तिसऱ्या पानाला आम्ही गुप्त पान म्हणतो. पुढची-मागची पाने फाडून कोणी पुस्तक लंपास केले तरी ते कोणाचे आहे हे ओळखता यावे, एवढाच त्यामागचा हेतू असतो. आमच्याकडे हे गुप्त पान ५१ क्रमांकाचे आहे. गेल्या मार्चमध्ये एका मराठी कादंबरीच्या नेमक्या ५१ व्या पानाचे छायाचित्र गावातल्या व्हॉट्सॲप गटांतून फिरले. मजकुराखाली आमच्या ग्रंथालयाचा गोल शिक्का, गावाचे नाव आणि स्थापनेचे वर्ष सहज वाचता येत होते, त्यामुळे हे पुस्तक कोठले, हे कोणाला विचारावे लागले नाही.

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथपाल आहे. त्या दिवशी संध्याकाळचे सत्र नुकतेच सुरू झाले होते, वृत्तपत्र विभागात नेहमीचे वृद्ध वाचक बसले होते आणि स्पर्धा परीक्षांची मुले वरच्या अभ्यासिकेत गेली होती. दहा-बारा जण एकदम आत आले आणि देवघेव विभागाच्या टेबलाभोवती उभे राहिले. त्यांतले निम्मे चेहरे माझ्या ओळखीचे होते. दोघांच्या आया आमच्या महिला विभागाच्या जुन्या सभासद आहेत. आरडाओरडा कोणी केला नाही. त्यांच्या पुढाऱ्याने मोबाइल माझ्यासमोर धरला आणि विचारले, "मॅडम, हे पुस्तक तुमचंच ना?" मी होय म्हटले.

त्या पानावर एक म्हातारी, मुलगा गमावल्यानंतरच्या दुःखात, गावात पूज्य मानल्या गेलेल्या एका व्यक्तीला कठोर शब्द बोलते. शब्द खरोखरच कठोर आहेत. ज्याने फक्त तेवढेच पान पाहिले असेल त्याला ते लागणे मी समजू शकते, आणि तसे मी त्यांना सांगितलेही. त्यांच्यात एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी मला विचारले, "मग पुढच्या पानावर काय आहे?" मी कादंबरी वाचलेली असल्यामुळे सांगू शकले. पुढच्या दोन पानांत त्या म्हातारीची सून तिला शांतपणे थांबवते, त्याच व्यक्तीने दुष्काळात आपल्या घरी धान्य कसे पोचवले होते याची आठवण करून देते, आणि म्हातारी रडू लागते. सबंध प्रकरण संतापाचे आणि पश्चात्तापाचे आहे. फिरले ते केवळ संतापाचे पान. गृहस्थांनी ऐकून घेतले, बाकीच्यांनी मात्र ऐकले नाही.

त्यांच्या मागण्या तीन होत्या. पुस्तक काढून टाका, ते आमच्या ताब्यात द्या आणि ते कोणी नेले होते त्याचे नाव सांगा.

पहिल्या दोन मागण्या येणार हे मी छायाचित्र पाहिले तेव्हाच ओळखले होते आणि त्यांचे उत्तर माझ्याजवळ होते. या देशात पुस्तकावर बंदी घालण्याची एक कायदेशीर वाट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९८, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९५, राज्य शासनाला तो अधिकार देते. समाजात तेढ पसरवणे, हेतुपुरस्सर धर्माचा अवमान करणे, अश्लीलता अशा ठरावीक गुन्ह्यांच्या कक्षेत मजकूर येतो असे शासनाला वाटले, तर आपल्या मताची कारणे नमूद करून ते अधिसूचना काढते आणि पुस्तकाच्या प्रती सरकारजमा होतात. कारणे न देता काढलेला असा एक आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली हरनाम दास खटल्यात रद्द ठरवला होता. अधिसूचना राजपत्रात आली की दोन महिन्यांच्या आत कोणीही हितसंबंधी व्यक्ती उच्च न्यायालयात जाऊ शकते आणि तिचे म्हणणे तीन न्यायमूर्तींचे विशेष पीठ ऐकते. एका पुस्तकासाठी तीन न्यायमूर्ती बसावेत, असे ज्यांनी कायद्यात लिहून ठेवले त्यांना पुस्तक काढून घेण्याची गंभीरता कळत होती. मी मंडळींना म्हणाले, "अशी अधिसूचना असेल तर मला दाखवा, पुस्तक मीच पोलिसांच्या स्वाधीन करीन. नसेल तर तुमची हरकत लेखी द्या. मी तिची आवक नोंदवहीत नोंद करून पोच देते, आणि कार्यकारी मंडळ तिचा विचार करील."

एवढ्यात आमच्या अध्यक्षांचा दूरध्वनी आला. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ग्रंथालयासाठी त्यांनी आयुष्यभर खस्ता खाल्ल्या आहेत, आणि त्यांच्या आवाजातली काळजी खरी होती. "ताई, ते पुस्तक थोडे दिवस कपाटात ठेवून द्या. कोणाला कळणारही नाही. वातावरण निवळलं की परत लावू." मी त्यांना म्हटले, "सर, पुस्तक फळीवरून कमी झालं की त्याची कुठेतरी नोंद होते. सभासदाने नेलं, बांधणीला गेलं, किंवा मंडळाच्या ठरावाने बाद झालं. कपाटात ठेवलं, ही नोंद मी कोणत्या रकान्यात करू?" ते काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, "भांडारकरचं काय झालं, ते आठवतं ना?"

मला ते आठवत होते. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला, कारण एका परदेशी अभ्यासकाने आपल्या वादग्रस्त ठरलेल्या पुस्तकात संस्थेच्या मदतीबद्दल आभार मानले होते. नासधूस झाली ती पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या ग्रंथांची आणि वस्तूंची. त्यानंतर राज्य शासनाने ते पुस्तक सरकारजमा केले, मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली तो आदेश रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. त्या पुस्तकाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. पण बंदीचा आदेश कागदावर होता, म्हणूनच त्याच्याविरुद्ध कोणाला तरी न्यायालयात जाता आले. कपाटातल्या पुस्तकासाठी कोण कोणत्या न्यायालयात जाणार?

कागदावाचूनची बंदी किती काळ जगते, याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. सलमान रश्दी यांच्या एका कादंबरीच्या आयातीवर १९८८ साली केंद्र सरकारने सीमाशुल्क कायद्याखाली बंदी घातली. पुढे एका वाचकाने ती बंदी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हानित केली, तेव्हा ५ ऑक्टोबर १९८८ ची ती अधिसूचना कोणत्याच खात्याला सादर करता आली नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ती अस्तित्वातच नाही असे गृहीत धरून प्रकरण निकाली काढले. छत्तीस वर्षे जी बंदी सारा देश पाळत होता तिचा कागद कोणाच्याच दप्तरी सापडू नये, ही गोष्ट माझ्यासारख्या नोंदवह्यांत आयुष्य घालवणाऱ्या बाईला फार अस्वस्थ करते. छोट्या गावांतल्या ग्रंथालयांतून असे किती ग्रंथ गुपचूप दिसेनासे झाले असतील, याचा हिशेब लागणे शक्यच नाही, कारण तो कोठे लिहिलाच गेलेला नाही.

मात्र त्या संध्याकाळचा सर्वांत कठीण प्रसंग पुस्तकाविषयीचा नव्हता. पुस्तक ग्रंथालयात नव्हतेच. ते एका सभासदाकडे होते. हे मी सांगितल्याबरोबर सगळ्यांचे लक्ष फळ्यांवरून माझ्या टेबलाकडे वळले.

आमच्याकडे अजून जुनी पद्धत चालते. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या खिशात जाड कागदाची एक पुस्तकपत्रिका असते. पुस्तक नेताना सभासद तिच्यावर आपला क्रमांक लिहून तोवर सही करत असे, ती पत्रिका परतीच्या तारखेप्रमाणे आमच्या ट्रेमध्ये लागते, आणि पुस्तक परत आले की पुन्हा त्याच्या खिशात जाते. त्या कादंबरीची पत्रिका त्या क्षणी टेबलावरच्या उघड्या ट्रेमध्ये, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. तिच्यावर केवळ सध्याच्या वाचकाची सही नव्हती. ती कादंबरी आल्यापासून ज्यांनी ज्यांनी वाचली त्या सर्वांच्या सह्या एकाखाली एक होत्या. त्यांत एक शाळामास्तर होते, किराणा दुकानदाराची सून होती, मागच्या वर्षी बारावी झालेली एक मुलगी होती. छायाचित्र त्यांच्यापैकी कोणी काढले की पुस्तक कोणाच्या घरी पडलेले असताना आणखी कोणी काढले, हे मला माहीत नव्हते आणि जाणून घ्यायचेही नव्हते.

"नाव सांगा, बाकी आम्ही बघतो," असे पुढारी म्हणाला. मी ट्रे उचलला, खणात ठेवला, कुलूप लावले आणि किल्ली कनवटीला खोचली. मग त्याला सांगितले की सभासदाने काय वाचले हे मी त्याच्या घरच्यांनाही सांगत नाही, तेव्हा तुम्हालाही सांगणार नाही. थोड्या वेळाने पोलीस ठाण्यातून एक हवालदार आले. कोणी बोलावले होते ते कळले नाही. पुस्तकावर बंदी आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता आणि पुस्तक कोणाकडे आहे, हा दुसरा. त्यांनाही मी नम्रपणे म्हटले, "साहेब, कोणत्या गुन्ह्याच्या तपासासाठी माहिती हवी ते लेखी द्या, मी मंडळासमोर ठेवते." ते लेखी पत्र आजतागायत आलेले नाही. त्यांच्या उपस्थितीने एक झाले, मंडळी शांतपणे बाहेर पडली, आणि त्या वयस्क गृहस्थांनी मागे थांबून सर्वांच्या वतीने अर्ज लिहून दिला. अक्षर सुंदर होते. अर्जात नावाची मागणी त्यांनी लिहिली नाही, याची मी नोंद घेतली.

वाचकाला त्याच्या वाचनाचा जाब विचारला जाऊ लागला की फळीवर पुस्तक असून नसल्यासारखेच होते. बंदीच्या चर्चेत लेखक असतो, प्रकाशक असतो, शासन असते, न्यायालय असते, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे त्या वाचकाचा उल्लेख क्वचितच येतो. ६ एप्रिल १९१९ रोजी मुंबईत रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहात गांधीजी आणि सरोजिनी नायडू मोटारीतून फिरून जप्त पुस्तके विकत होते, तेव्हा हे पुस्तक जवळ बाळगल्यास अटक होऊ शकते हे घेणाऱ्यांना आधी सांगितले जात होते. चार आण्यांचे पुस्तक लोकांनी पाच-दहा रुपये देऊन घेतले, एकाने पन्नास रुपये दिले, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. त्या दिवशी गर्दीत धीर होता. गावातल्या एकट्या वाचकाजवळ तशी गर्दी नसते. त्याचा धीर म्हणजे ग्रंथपालाने मिटलेले तोंड.

कार्यकारी मंडळाची बैठक त्याच आठवड्यात झाली. अनुदानाचे काय, इमारतीच्या काचांचे काय, हे प्रश्न निघाले आणि ते निघणे स्वाभाविक होते. दोन सदस्यांनी त्याआधी कादंबरी दुसरीकडून मिळवून संपूर्ण वाचली होती, आणि चर्चेचे वळण त्यांनी बदलले. पुस्तक संग्रहात ठेवावे, असा ठराव झाला. अध्यक्षांनी स्वतः तो मांडला. अर्जदारांना कारणांसह लेखी उत्तर गेले. पुस्तक मुदतीच्या आत परत आले, पण ते सभासदाच्या धाकट्या भावाने आणून दिले. ज्याच्या नावावर ते होते तो वाचक त्यानंतर ग्रंथालयात फिरकलेला नाही. मी कोणालाही नाव सांगितले नव्हते, तरीही तो आला नाही, याचे दुःख मला त्या ठरावाच्या समाधानापेक्षा अधिक आहे.

वाचकांवर अशी वेळ येऊ नये म्हणून त्याच बैठकीत मी दुसरा विषय मांडला होता: पुस्तकपत्रिकेवर सही घेणे बंद करावे, आणि परत आलेल्या पुस्तकाच्या पत्रिकेवर आधीच्या वाचकांची ओळख राहू नये. यावर मात्र खरा वाद झाला. आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी १९५८ सालची एक पत्रिका आणून दाखवली; तिच्यावर त्यांच्या वडिलांची सही होती, शाईची, अजून ठळक. गावाने साठ-सत्तर वर्षांत काय वाचले याचा हा एकमेव पुरावा तुम्ही नष्ट करणार का, असे त्यांनी मला विचारले. प्रश्न योग्य होता आणि मलाही त्या सह्यांचा मोह आहे. शेवटी असे ठरले की १९७५ पूर्वीच्या पत्रिका काढून संग्रहात सुरक्षित ठेवाव्यात, त्यानंतरच्या, व्यवहार पूर्ण झालेल्या पत्रिका नष्ट कराव्यात, आणि यापुढे फक्त क्रमांक लिहून पुस्तक परत येताच तो पूर्णपणे खोडावा. कथा-कादंबऱ्यांचे काम संपले आहे. सध्या आम्ही चरित्र विभागात आहोत.