आमची वाटचाल : इशारा आधी, कमांड नंतर

आम्ही ऑपरेटिंग सिस्टिमची मदतपानं लिहितो. फाइल कॉपी करायची आहे, प्रिंटर जोडायचा आहे, डिस्क भरली आहे, अशा वेळी साधा माणूस जे पान उघडतो ते आमचं. रिलीज जवळ आली की पहिली कात्री डॉक्युमेंटेशनलाच लागते, हे या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको. तरी आमची फर्म टिकली. कशी टिकली ते लिहून ठेवायलाच हवं.

सुरुवात दोघांची. माझे भागीदार वयाने मोठे, मूळचे युनिक्सवाले, म्हणजे त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वाढलेले. १९७१ च्या नोव्हेंबरात थॉम्प्सन आणि रिची यांनी काढलेल्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलात ‘बग्ज’ असं वेगळं कलम असे. कमांड, म्हणजे टाइप करून संगणकाला दिलेला हुकूम, कुठे चुकते ते तिच्याच पानावर छापलेलं. हा प्रामाणिकपणा सोडायचा नाही, ही त्यांची अट. माझी अट निराळी होती. मॅन पेज, म्हणजे मॅन्युअलातलं त्या कमांडचं पान, सापडायला कमांडचं नाव माहीत लागतं. आपला वाचक नाव नाही, अडचण घेऊन येतो. (‘मॅन -के’ने विषयाच्या शब्दावरून शोधता येतं, मान्य. पण ते ठाऊक असलेल्याला आमची गरजच नाही.) या दोन अटींवर फर्म उभी राहिली.

आधी डॉकबुक एक्सएमएलमध्ये लिहायचो, म्हणजे मजकुराचा प्रत्येक भाग खुणेच्या टॅगांमध्ये बांधून. एक टॅग बंद करायचा राहिला की अख्खी पुस्तिका तयार होणंच अडायचं. पुढे साध्या खुणांनी लिहायचं मार्कडाउन आणि बदलांची नोंद ठेवणारं गिट आलं, आणि पानांची दुरुस्ती कोडच्याच साठ्यात, त्याच रिलीजबरोबर जाऊ लागली. पण आमचं खरं हत्यार म्हणजे व्हर्च्युअल मशीन, संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. पान लिहून झालं की मशीन कोऱ्या स्नॅपशॉटवर, म्हणजे जपून ठेवलेल्या मूळ स्थितीवर, न्यायचं आणि लिहिलंय तेवढंच करायचं. डोक्यातलं काहीही वापरायचं नाही. पान कुठे मुकं आहे ते लगेच कळतं. रिलीजनंतर सगळे स्क्रीनशॉट नव्याने घेणारी स्क्रिप्टही आमचीच. एक बटण जागचं हललं तरी जुनी चित्रं वाचकाला फसवतात.

आम्हाला घडवलं ते एका ग्राहकाने. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम पुरवणाऱ्या एका कंपनीत हेल्पडेस्क सांभाळणाऱ्या एक मॅडम होत्या. लोकांचं फोनवरचं बोलणं त्या जसंच्या तसं टिपून आम्हाला पाठवायच्या. ‘जागा आहे तरी जागा नाही म्हणतोय’, अशी एक नोंद वारंवार यायची. मोकळी जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’ कमांडमध्ये डिस्क मोकळी दिसायची, पण बारीक बारीक फाइलींनी आयनोड, म्हणजे दर फाइलीला लागणारे नोंदीचे खण, संपलेले असायचे. पुस्तिकेत आयनोडवर प्रकरण होतं, पण फाइल सिस्टिमच्या भागात, खूप आत. डिस्क भरलेला माणूस तिथे कशाला जाईल? आम्ही एररचा मजकूर हाच मथळा केला आणि खाली पहिली ओळ लिहिली : ‘डीएफ -आय’ चालवा. ती आयनोड किती उरले ते दाखवते. त्या तक्रारीचे फोन जवळजवळ थांबले.

मग त्या कंपनीत वरचे अधिकारी बदलले आणि सगळं काम एका मोठ्या फर्मला गेलं. त्यांनी पानांच्या संख्येवर बोली लावली होती. ‘सेव्ह दाबल्यास फाइल सेव्ह होते’ अशा वाक्यांनी पानं भरायला काय लागतं? आमचं बहुतेक उत्पन्न तिथूनच यायचं. ऑफिस सोडावं लागलं, हाताखाली तयार झालेली माणसं गेली, भागीदारांनी स्वतःची बचत घातली. करारानुसार आमची पानंही त्यांच्याकडे गेली आणि त्यांनी ती ‘सुटसुटीत’ केली.

इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवायचं आमचं पान असं होतं : आधी बॅकअप, मग जोडलेल्या डिस्कची यादी देणारी ‘एलएसबीएलके’ चालवून आकारावरून पेनड्राइव्ह ओळखा, मग काय पुसलं जाईल ते, आणि अगदी शेवटी ‘डीडी’, म्हणजे डिस्कवर थेट लिहिणारी कमांड, तेही डिस्कच्या नावाची जागा रिकामी ठेवून. त्यांनी ‘डीडी’ वर आणली, त्यात ‘एसडीबी’ हे डिस्कचं नाव भरून टाकलं आणि इशारा तळाच्या टिपेत ढकलला. ‘डीडी’ काही विचारत नाही, सांगितलेल्या डिस्कवर सरळ लिहिते. दोन डिस्कच्या मशीनवर ‘एसडीबी’ म्हणजे दुसरी डिस्क असू शकते. लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो गेले. मॅडमनी त्या नोंदी मला फोनवर वाचून दाखवल्या. तो राग आजही गेलेला नाही. आमचं काम गेलं म्हणून नव्हे. त्या लोकांनी पान नीट वाचलं होतं आणि वाचलं त्याच क्रमाने केलं होतं.

त्याच नोंदी घेऊन मॅडम वरिष्ठांशी भांडल्या. आधी इन्स्टॉलेशनची पानं परत आली, हळूहळू बाकीचीही.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी एवढं ऐकावं. प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसायला हवं ते लिहा, आणि ते दिसलं नाही तर मागे कसं यायचं तेही. ‘फक्त’, ‘सहज’ हे शब्द काढा. अडलेल्या माणसाला ते टोचतात. आणि हेल्पडेस्कवरच्या माणसांशी ओळख ठेवा, प्रॉडक्ट मॅनेजरपेक्षा जास्त.

सध्या तेच पेनड्राइव्हचं पान पुन्हा लिहायला घेतलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपला. विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागतं, त्यामुळे चांगली चालणारी कितीतरी मशीन त्यात बसत नाहीत आणि त्यांचे मालक लिनक्सकडे वळतात. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, त्यांनी कधी उघडलेलंच नसतं. म्हणून या आवृत्तीत ‘डीडी’ ठेवलेलीच नाही. डिस्कचं नाव आणि आकार समोर दाखवणाऱ्या ग्राफिकल टूलने सगळं होतं, आणि पहिली पायरी बॅकअपचीच आहे.