‘दिसत आहे’ला पर्याय शोधताना: चित्रवर्णन लिहिण्याचा माझा अनुभव

दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून लेख ऐकतात. चित्र आलं की स्क्रीन रीडर त्याचा ‘ऑल्ट’ मजकूर, म्हणजे चित्राला जोडलेलं लेखी वर्णन, वाचतो. तो दिलेलाच नसेल तर पुष्कळदा फाइलचं निरर्थक नाव कानावर पडतं. मराठी लेखांसाठी हा मजकूर लिहिताना माझा सर्वांत जास्त वेळ जातो तो ‘दिसत आहे’ला पर्याय शोधण्यात.

‘या चित्रात एक स्त्री बसलेली दिसत आहे.’ हे चित्र आहे असं स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो, म्हणून ‘या चित्रात’ वाया गेलं. ‘दिसत आहे’नं काहीच कळत नाही. उरलं ‘बसलेली’. पण कशी? मांडी घालून, उकिडवी, फतकल मारून, एक गुडघा उभा करून, भिंतीला रेलून? चुलीपुढं उकिडवी बसलेली बाई कामात आहे. ओटीवर फतकल मारून बसलेली निवांत आहे. उभं असण्यातही ओणवं, टेकून, टाचा उंचावून असे भेद आहेत. हे शब्द अंगानं कळतात. ज्यानं कधीच काही पाहिलेलं नाही त्यालाही उकिडवं बसणं स्वतःच्या गुडघ्यांतून ठाऊक असतं. म्हणून मी आधी क्रियापद शोधते, विशेषण नंतर. ‘सुंदर’, ‘आकर्षक’ तर काढूनच टाकते.

रंग मात्र गाळू नयेत. दृष्टी नंतर गेलेल्यांना ते आठवतात आणि इतरांनाही साडीच्या गप्पांत ते लागतातच. ‘हिरवट निळी’पेक्षा मोरपंखी, ‘गडद लाल’पेक्षा डाळिंबी, ‘फिकट केशरी’पेक्षा अबोली.

वारली शैलीतल्या तारपा नाचाचं चित्र घेऊ. ‘सर्पिलाकार रांग’ हा पाठ्यपुस्तकी शब्द कानाला अडतो. शंखाचं वळण बोटांना माहीत असतं. मजकूर असा झाला: ‘मधोमध तारपा वाजवणारा माणूस. त्याच्याभोवती हात गुंफून नाचणाऱ्यांची रांग शंखासारखी वळत गेलेली. गेरूच्या भिंतीवर पांढऱ्या रेघा. प्रत्येकाचं धड म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण.’ पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, हे चित्राखालच्या ओळीत असेल तर इथं पुन्हा नको. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं लांब वाक्यात ऐकणारा ताटकळतो. दोन-तीन छोटी वाक्यं बरी.

तांत्रिक चुका ठरलेल्या असतात. शेवटी पूर्णविराम नसला तर वर्णन पुढच्या परिच्छेदात मिसळतं. पानाच्या कोडमध्ये ऑल्ट दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेला असतो; त्यात पुन्हा सरळ दुहेरी चिन्ह आलं तर मजकूर तिथंच तुटतो; आत एकेरी वापरावं. पानाची भाषा इंग्रजी नोंदलेली असेल तर मराठी मजकूर चुकीच्या आवाजाच्या हाती जाऊ शकतो. नुसत्या नक्षीसाठी ऑल्टची जागा रिकामी ठेवावी, पण ती जागाच काढून टाकू नये. आलेखाला निष्कर्षाचं एक वाक्य द्यावं आणि आकडे खाली तक्त्यात.

तपासताना एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ‘जी’ दाबत चित्रामागून चित्र ऐकते. मग चित्र न पाहिलेल्या डोळस माणसाला वर्णन वाचून दाखवून कागदावर काढायला सांगते. तारप्याच्या मजकुरावरून बंद वर्तुळ काढलं गेलं, कारण ‘भोवती’ हा शब्द ‘शंखा’वर मात करत होता. तिथं ‘रांगेचं बाहेरचं टोक मोकळं’ एवढे शब्द वाढवावे लागले.