शाळेची वीज नकाशावरच वाचते

शाळेच्या ऊर्जाबचतीचा विषय निघाला की चर्चा लगेच छतावरच्या सौर पॅनेलकडे वळते. पॅनेल जरूर बसवावीत. परंतु इमारत किती वीज खाणार हे त्याच्या कितीतरी आधी, नकाशावर पहिली रेघ ओढतानाच बरेचसे ठरून गेलेले असते. ऊन, वारा आणि झाडे यांना त्या रेघेपासूनच काम नेमून दिलेले असेल, तरच शाळा निसर्गाशी जोडलेली आहे असे मी मानतो.

वर्गखोलीचेच पाहा. शांत बसलेले एक मूल साधारण 60 ते 80 वॉट उष्णता बाहेर टाकत असते. म्हणजे 40 मुलांच्या वर्गात काहीही चालू नसताना अडीच-तीन किलोवॉटची शेगडी पेटलेली असते. ही उष्णता आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जायचा, तर समोरासमोरच्या भिंतींना खिडक्या हव्यात आणि गरम हवा वर चढते म्हणून छतालगत झरोकेही हवेत. एका बाजूला खिडक्या आणि दुसऱ्या बाजूला बंद बोळ काढण्याच्या पद्धतीमुळे वारा तर अडतोच, शिवाय मागच्या भिंतीकडे दिवसाही दिवे लावावे लागतात, कारण खिडकीच्या वरच्या कडेची जेवढी उंची, तिच्या साधारण दुपटीइतक्याच अंतरापर्यंत उजेड नीट पोचतो.

पश्चिमेचे तिरपे ऊन आडव्या सज्जाला जुमानत नाही; तिथे झाडच हवे, आणि जिथे हिवाळा कडक असतो तिथे ते पानगळीचे असावे, म्हणजे पाने झडल्यावर हवेसे ऊन आत येईल.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो या देशातील गांदो गावची प्राथमिक शाळा मला या बाबतीत फार मोलाची वाटते. वास्तुरचनाकार फ्रान्सिस केरे यांनी गावकऱ्यांच्या श्रमांतून ती 2001 मध्ये उभी केली. भिंती मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या विटांच्या, वर फटी राखलेले विटांचे छत आणि त्याच्यापासून बरेच अंतर सोडून उचललेले पत्र्याचे छप्पर. दोन छतांमधल्या मोकळ्या जागेतून हवा खेळत राहते आणि वर्गातली गरम हवा फटींतून वर निघून जाते. त्या कडक उन्हाच्या प्रदेशात ही शाळा वातानुकूलन यंत्राविना चालते. 2004 मध्ये तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

नकाशा पुरा करताना एक बारीक गोष्ट मात्र विसरू नये: झरोक्याची दोरी मुलांच्या हाताला लागेल इतकी खाली सोडावी, नाहीतर तो एकदा बंद झाला की कायमचा बंदच राहतो.