नाव आधी फोनवर गेलं, मग कानात

बारशाचा मुहूर्त साडेदहाचा होता. पोस्ट सव्वाअकराला आपोआप जाईल अशी आदल्या रात्रीच लावून ठेवली होती. बाळाचं नाव मीच काढलेल्या अक्षरांत, कोपऱ्यात एक छोटा पाळणा. मधे पाऊण तास मोकळा ठेवल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून मी झोपले. म्हणजे दोन तास झोपले. बारा दिवसांच्या बाळाच्या आईला तेवढंच मिळतं.

हिशेबात धरलं नव्हतं ते चाकणचं ट्रॅफिक. नणंद नाशिकहून पहाटेच निघाली होती, पण अकरा वाजले तरी गाडी चाकणच्या चौकातच. आत्याशिवाय बारसं कसं होणार? नाव गुपित होतं. तिलाही चिठ्ठी पाळण्यापाशीच द्यायची असं ठरलं होतं. सगळे थांबले होते, घुगऱ्या निवत होत्या, बाळ रडून रडून झोपलं होतं. आणि मला पोस्टची आठवणसुद्धा राहिली नाही.

सव्वाअकराला स्वयंपाकघरातून मावससासूबाईंचा आवाज आला, "अगंबाई, छान आहे गं नाव!"

ताई बारा वाजता आली. दारातच चपला काढताना म्हणाली, "मी गाडीत वाचलं. आता कानात काय सांगू त्याच्या? लाइक कर म्हणू?"

सगळे हसले. ताई नाही हसली. रीत म्हणून तिने बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, पेढे वाटले गेले. पण तो क्षण तिचा होता आणि मी तो आधीच साडेतीन हजार लोकांना देऊन बसले होते. त्यातल्या बहुतेकांना बाळाशी काहीही देणंघेणं नव्हतं. (नाव इथेही लिहीत नाही. उशिरा का होईना, शिकते आहे.)

ही सवय लागली कशी, ते सांगते.

मी अक्षरं काढते. देवनागरी फॉन्ट बनवणं हा माझा उद्योग. २०२३ पर्यंत एका जाहिरात एजन्सीत होते आणि फॉन्टचं काम रात्री चालायचं. हे काम कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पण फॉन्ट तर असतातच ना?" असतात. इंग्रजीसाठी लहानमोठी मिळून बावन्न अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं काढली की बरंचसं काम उरकतं. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांची अक्षरं संगणकासाठी क्रमांक देऊन ठेवलेल्या यादीत, देवनागरीच्या मूळ तक्त्याला जागा आहेत १२८, पण त्यात द्ध नाही, ह्म नाही, श्र नाही. जोडाक्षरांना तिथे स्वतंत्र घर नाही, ती फॉन्टनेच आतल्या आत जुळवायची असतात. माझ्या फॉन्टमध्ये असे आकार साडेसातशेच्या घरात गेले. एकट्याने ते काढत बसलं की सहा महिन्यांनी आपल्यालाच कळेनासं होतं, क चांगला आलाय की आपल्याला त्याची सवय झालीय.

म्हणून रोज एक अक्षर इन्स्टाग्रामवर टाकायचं ठरवलं. दुसऱ्या कुणाचे डोळे मिळावेत, एवढाच हेतू. पहिल्या महिन्यात चाळीस माणसं जमली, त्यातली निम्मी नात्यातली. काकू प्रत्येक अक्षराखाली हात जोडलेला इमोजी टाकायच्या. ङ खालीसुद्धा.

हललं ते ळ पासून. ळ च्या दोन वाट्या मोजून सारख्या काढल्या तर मला उजवी नेहमी जड वाटते, म्हणून ती किंचित लहान करावी लागते. पण किती किंचित, हे काही ठरत नव्हतं. शेवटी कंटाळून सतराच्या सतरा प्रयत्न एकाच चित्रात ओळीने मांडले आणि खाली लिहिलं, "यातला कुठला? मला आता दिसेनासं झालंय." दोन दिवसांत पाचशेवर लोकांनी आपापला आकडा सांगितला. नववा आणि तेरावा यांत चक्क दोन तट पडले. तेराव्यातल्या एकाने नवव्याला 'जिलबी' म्हटलं. मी तेरावा घेतला.

मग ल आणि श. अनेक फोनांवर मराठी लिहितानाही हिंदी वळणाचा दंडाचा ल दिसतो. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श २००९ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने शासन निर्णय काढून प्रमाण ठरवले, पण फोनला त्याची खबर नाही. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही ल असतात. मजकूर मराठी आहे असं अ‍ॅपने सांगितलं तरच पाकळीचा पुढे येतो, आणि अ‍ॅप सहसा सांगत नाही. हे चार चित्रांत मांडलं, त्यावर एका शिक्षिकेने लिहिलं, "पहिलीतली मुलं विचारतात, बाई, पुस्तकातला ल वेगळा आणि आईच्या फोनमधला वेगळा का?" त्या रात्री मी ठरवलं की माझ्या फॉन्टमध्ये मराठी ल हाच मूळ, हिंदी ल पर्यायी. अशा निर्णयांसाठी मला लोकांची गरज होती.

सगळंच असं गोड नव्हतं. २०२२ मध्ये एका खाद्यपदार्थांच्या कंपनीचं नाव नव्याने अक्षरबद्ध करत होते. काम मंजूर झालं, आनंद मावेना, आणि मी कच्च्या रेखाटनाचा फोटो टाकला. नाव पूर्ण दिसतही नव्हतं, फक्त वेलांटीचा झोक. पण त्यांच्याच विक्री विभागातल्या कुणीतरी तो झोक ओळखला. नवं रूप बाजारात यायला दोन महिने होते. फोन आला. आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. उरलेले पैसे पाच महिन्यांनी मिळाले, पुढचं काम मिळालं नाही. चूक माझी होती, त्यामुळे तक्रारही करता येईना. तेव्हापासून दरपत्रकातच एक ओळ असते: काम ग्राहकाने जाहीर केल्यावर तीस दिवसांनी मी ते माझ्या नावाने दाखवू शकेन, रेखाटनांसकट. ती ओळ आजवर कुणी खोडलेली नाही. नवीन काम करणाऱ्यांना मी बाकी काही सांगत नाही, पण ही ओळ घाला असं सांगते.

मार्च २०२३ मध्ये नोकरी सोडली. आता त्याची पोस्ट तर हवीच. ओळखपत्राचा फोटो, अकरा वर्षं, जड अंतःकरणाने वगैरे. अभिनंदनाचे दोनशेवर निरोप आले. काम किती आलं? शून्य. तीन आठवड्यांनी मी एक अगदी रटाळ पोस्ट टाकली. 'र्की' लिहिताना वेलांटीच्या डोक्यावर रफार कुठे बसवायचा, त्याचे चार फसलेले प्रयत्न आणि पाचवा जमलेला. लोकांनी ती फारशी पाहिलीही नाही. पण लहान मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशकांचा मेल आला: आमच्या पुस्तकात हाच रफार मुलांना दिसत नाही, भेटता का? पुढची दीड वर्षं त्या कामावर घर चाललं. अभिनंदन करणाऱ्यांना माझ्याबद्दल बरं वाटलं होतं. त्या प्रकाशकांना त्यांची स्वतःची अडचण माझ्या टेबलावर दिसली.

हे कळूनही बारशाची पोस्ट मी लावलीच. नऊ महिने सगळ्यांना सांगत आले होते, लोक विचारत होते, आणि खरं सांगायचं तर नाव फार सुरेख जमलं होतं. ते दाखवायची घाई आईला नव्हती, अक्षरं काढणारीला होती.

त्यावर कडी म्हणजे पुढची पोस्ट. बारशानंतर चौथ्या दिवशी ताईचा राग जावा म्हणून मी एक चित्र केलं: वाटीत घुगऱ्या, वर माझ्या फॉन्टमध्ये 'आत्याच्या मानाच्या घुगऱ्या'. एका हाताने, फोनवर, मांडीवर बाळ. टाकलं आणि झोपले. उठले तर पहिलीच प्रतिक्रिया: "घुगऱ्यांचा पाय मोडलाय."

बघितलं तर खरंच. 'घुग' बरोबर, पुढे ऱ, त्याखाली टिंब, त्याला पाय मोडल्याची खूण, आणि शेजारी सुटा 'या'. एवढ्या गोड शब्दाचा पार अपघात झालेला.

मी मूळची कऱ्हाडची. सरकारी पाट्यांवर कराड, पण आमच्या तोंडी आणि पत्रांवर कऱ्हाडच. माझ्या गावाच्या नावातच हे अक्षर. हा आडवा अर्धा र मराठीला लागतोच: आचार्यांना भेटणं वेगळं आणि आचाऱ्यांना भेटणं वेगळं. मी तो अगदी पहिल्या वर्षी काढलेला, शंभरदा तपासलेला. मग मोडला कसा?

तर असा. संगणकात तो र दोन वाटांनी लिहिता येतो. एक जुनी वाट: साधा र, मग पायमोड, मग झिरो-विड्थ जॉइनर, म्हणजे जागा न घेणारं, डोळ्याला न दिसणारं चिन्ह. दुसरी सरळ वाट: युनिकोडने या कामासाठी ऱ हे वेगळं अक्षरच दिलेलं आहे, ते घ्या आणि त्याचा पाय मोडा. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की ते उमटतं आणि माझ्या फोनचा कळफलकही तेच पाठवत होता. मी मात्र तीन वर्षं सवयीने पहिल्याच वाटेने तपासत होते. दुसऱ्या वाटेवर अर्धा आकार जोडायलाच विसरले. कऱ्हाड शंभर वेळा बरोबर आलं, कारण शंभरही वेळा ते मीच टाइप केलं होतं.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती, एका ओळीची. दोन दुपटी बदलायच्या मधल्या वेळात केली. पण पोस्ट पुसावी की ठेवावी, यावर दिवसभर विचार केला. तोवर चाचणीची प्रत तीसेक जणांकडे गेलेली होती. एकालाही हे दिसलं नव्हतं किंवा दिसून कुणी बोललं नव्हतं. शेवटी मोडलेलं आणि सांधलेलं अशी दोन्ही रूपं शेजारीशेजारी लावली आणि लिहिलं, "घुगऱ्या माझ्याकडून सांडल्या. या अक्षराचे अजून शब्द द्या, सगळे तपासते."

शब्दांचा पाऊस पडला. पायऱ्या, सुऱ्या, दऱ्या, कुऱ्हाड, तऱ्हा, बिऱ्हाड, गोऱ्हा, चऱ्हाट. वऱ्हाडातल्या एकीने लिहिलं, "आमच्या तर मुलखाचंच नाव, नीट करा." सांगलीच्या छापखान्यात आयुष्यभर खिळे जुळवलेल्या एका काकांनी नातीच्या फोनवरून चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला. म्हणाले, हा अर्धा र आमच्या केसात, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, अगदी कडेच्या खणात असायचा, लागायचा कमी, पण संपला की सगळं पान अडायचं. मग शेजारच्या छापखान्यातून उसना आणायचा. शेवटी म्हणाले, "तुझ्याकडे उसना मागायची वेळ येणार नाही, एवढं बघ." तो निरोप मी कुठेही टाकलेला नाही. विचारलं असतं तर काका हो म्हणाले असते बहुतेक. पण तो माझ्यासाठी होता.

गणपतीत फॉन्ट बाहेर पडला. ओपन फॉन्ट लायसन्सखाली दिला, म्हणजे कुणीही वापरा, वाटा, बदला. नुसता फॉन्ट तेवढा विकायचा नाही आणि बदललेल्या प्रतीला माझं राखीव नाव लावायचं नाही. त्या दिवसाच्या पोस्टमध्ये मी, बाळ, नवरा, कुणीच नव्हतं. लोकांनी दिलेले शब्द होते, एकाखाली एक. चित्रात दोन ठिकाणी शाई फुटल्यासारखं दिसत होतं ते मला नंतर दिसलं, पण राहू दिलं.

घरातलं काही टाकायचं असेल तर आता ज्याचा मान त्याला आधी विचारते. उष्टावणाचा फोटो टाकायला माझा भाऊ नको म्हणाला. मामा म्हणून घास त्याने भरवला होता आणि फोटोत त्याचं पोट फार दिसत होतं. नाही टाकला. सासूबाईंना विचारलं की त्या हमखास हो म्हणतात आणि मग प्रतिक्रिया वाचून दाखवायला लावतात.

ताईचा अबोला तसा आठवडाभरच टिकला, पण टोमणा दिवाळीपर्यंत चालला. दिवाळीत तिने नाशिकहून तिच्या सोसायटीच्या फराळाच्या ऑर्डरचा कागद पाठवला, माझ्याच फॉन्टमध्ये छापलेला. फॉन्ट तिने स्वतःच उतरवून घेतला होता, मला न सांगता. खाली निरोप: "सोऱ्या नीट आलाय. पण चकलीच्या च चं पोट जरा सुटलंय का गं?"

मोठं करून बघितलं. सुटलंय.