तुम्ही विचारलंत म्हणून : तलवारीचा खेळ युद्धकला केव्हा ठरतो?

मी एपे या शस्त्राने फेन्सिंग करतो आणि मधली काही वर्षे केंडो ही बांबूच्या तलवारीची जपानी विद्याही शिकलो, एवढे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : या दोन्हींपैकी युद्धकला कोणती आणि नुसता खेळ कोणता? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयारच असते. केंडोत लढतीआधी वाकून अभिवादन होते आणि अंगावर पारंपरिक पोशाख असतो, म्हणून ती कला. फेन्सिंगमध्ये पाठीला वायर जोडलेली असते आणि स्पर्श झाला की दिवा लागतो, म्हणून तो खेळ. पोशाखावरून केलेली ही वाटणी मला मान्य नाही.

उगमावरून ठरवावे, असेही काहीजण सुचवतात. पण मग ८०० ग्रॅम वजनाचा भाला जास्तीत जास्त लांब फेकण्याची स्पर्धाही युद्धकलाच मानावी लागेल, आणि त्या स्पर्धेत तर समोर कोणी उभेच नसते. नावावरून तर मुळीच काही सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये दोस्त राष्ट्रांच्या अमलाखाली केंडोवर निर्बंध आले, तेव्हा १९५० मध्ये ‘शिनाई क्योगी’ या नव्या नावाने, शर्ट-पँट घालून आणि आरोळ्या वर्ज्य करून, बांबूच्या तलवारीची लढत उघडपणे खेळ म्हणून मांडली गेली. पुढे चारच वर्षांत तिची संघटना पुनरुज्जीवित केंडो संघटनेत विलीन झाली. फिलिपिन्सने २००९ मध्ये कायदा करून अर्निस या काठीच्या विद्येला राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय क्रीडा असे दोन्ही किताब एकदमच देऊन टाकले.

माझी कसोटी वेगळी आहे. समोरच्याच्या हातातले शस्त्र खरे असते, तर जे करायला मी कधीही धजलो नसतो, ते केल्याबद्दल नियम मला गुण देतात का? जिथे देतात, तिथे ती विद्या तेवढ्यापुरती युद्धकलेपासून सुटलेली असते.

ही कसोटी सर्वांत आधी माझ्याच शस्त्रावर उलटते. एपेमध्ये डोक्यापासून पावलापर्यंत कुठेही टोक लागले तरी स्पर्श धरतात, त्यामुळे फेन्सिंगच्या एपे, फॉइल आणि सेबर या तीन शस्त्रांपैकी हेच खऱ्या द्वंद्वाच्या सर्वांत जवळचे, असे आम्ही एपेवाले अभिमानाने सांगतो. परंतु दोघांचे स्पर्श सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत झाले, तर गुण दोघांनाही मिळतो. पंधरा गुणांच्या लढतीत मी १४-१३ असा पुढे असलो, तर प्रतिस्पर्ध्याचा वार चुकवण्याची मला गरजच उरत नाही. तो पुढे आला की मीही हात लांब करायचा, दोन्ही दिवे लागतात आणि मी १५-१४ असा जिंकतो. खऱ्या पात्यांनी त्या क्षणी दोघेही आडवे झाले असते.

याउलट, ज्याला कोणी युद्धकला म्हणणार नाही त्या आधुनिक पेंटॅथलॉनच्या, म्हणजे एपेची फेन्सिंग धरून पाच खेळांच्या एकत्रित स्पर्धेच्या, मानांकन फेरीत एकाच स्पर्शाची लढत असते. तिथे दुहेरी स्पर्श मोजतच नाहीत आणि मिनिटभरात निकाल लागला नाही, तर पराभव दोघांच्याही नावावर लागतो. इतका निर्दय आणि इतका शहाणा नियम मी इतरत्र फारसा पाहिलेला नाही.

फॉइलमध्ये हल्ल्याच्या अग्रहक्काचा नियम आहे. आधी हल्ला करणाऱ्याचे पाते अडवा किंवा चुकवा आणि मगच प्रतिवार करा, हा त्याचा मूळ अर्थ, म्हणजे जीव वाचवण्याचाच धडा. तरीही त्यातूनच पाते चाबकासारखे वाकवून टोक पाठीवर टेकवण्याची करामत निघाली आणि ती इतकी बोकाळली, की २००५ च्या सुमारास टोक टेकलेले राहण्याची किमान वेळ वाढवून तिला लगाम घालावा लागला.

केंडो या कसोटीवर पुष्कळ बरा उतरतो. दोघांचे वार एकाच वेळी बसले तर गुण कोणालाच नाही. वार बसल्यानंतरही सावधपणा टिकला पाहिजे, आणि आनंदाने हात उंचावला तर मिळालेला गुणही पंच रद्द करू शकतात. पण तिथेही पळवाट आहेच. डोक्यावर येणारा वार मान किंचित कलती करून खांद्यावर घेतला, तर तो मोजला जात नाही. बांबू असतो म्हणून खांदा नुसता दुखतो, एवढेच. हे मी स्वतः कितीतरी वेळा केले आहे आणि शिक्षकांची नापसंतीची नजरही झेलली आहे.

युरोपातील जुन्या हस्तलिखितांवरून तलवारबाजी पुन्हा उभी करणाऱ्यांची गोष्ट मला सर्वांत रंजक वाटते, कारण त्यांच्याकडे अखंड गुरुपरंपरा नाही. ढाल-तलवारीचे जे सर्वांत जुने ज्ञात हस्तलिखित आहे, ते साधारण १३०० च्या आसपासचे. परंपरेचा निकष लावला तर ही मंडळी पहिल्याच फेरीत बाद होतील. मात्र त्यांच्या अनेक स्पर्धांत वार बसल्यानंतर लगेच उलट वार खाल्ला, तर मिळवलेला गुण घटतो किंवा जातो. म्हणजे वार करून सुखरूप बाहेर पडणे हीच तिथे विद्या मानली जाते. मी त्यांना निःशंकपणे युद्धकलेत धरतो.

अडचण होते ती क्युदोपाशी. या जपानी धनुर्विद्येत समोर फक्त लक्ष्य असते, म्हणून माझ्या हिशेबाने ती भालाफेकीच्या शेजारी बसायला हवी, आणि तसे बोलून दाखवल्यावर एका क्युदो शिकणाऱ्या मित्राने माझ्याशी पंधरवडाभर अबोला धरला होता. त्यानंतर त्याने एकच विचारले, की १४-१३ वर असताना मी अजूनही तो दुहेरी स्पर्श घेतो का. घेतो, असे मी सांगितले.